चॅपेल हिलचा तो पुतळा नेमका कोणी पाडला?

प्रश्न असा आला आहे: ‘माझी मुलगी येत्या ऑगस्टपासून नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिलला, पदव्युत्तर शिक्षणासाठी जाते आहे. तिथल्या मुलांनी २०१८ मध्ये एक पुतळा रात्री दोर लावून पाडला असं वाचलं. याला वर्णन्यायाची चळवळ म्हणायचं की झुंडशाही? त्यातून काळ्या लोकांच्या पदरात काय पडलं? आणि मुलीने अशा गोष्टींत पडावं का?’

आधी सरळ उत्तर. झुंडशाही म्हणावी इतकं ते अचानक झालेलं नव्हतं. पण त्याला नुसती ‘विद्यार्थी चळवळ’ म्हणणंही मला पटत नाही. मी या भागात बरीच वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेचा इतिहास शिकवते, मुलांना घेऊन विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात बसते. त्यातून माझं मत असं झालं आहे की कॉलेजच्या गावातली ही लढाई समजून घ्यायची तर विद्यार्थ्यांकडे सगळ्यात शेवटी पाहावं. आधी पाहावं खानावळीत राबणाऱ्यांकडे, मग जुन्या कागदांकडे, मग नियम कोण करतं तिकडे. विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. बाकीचे सगळे तिथेच असतात.

चॅपेल हिल हे गाव विद्यापीठासाठीच वसलं. विद्यापीठाची सनद १७८९ ची, वर्ग सुरू झाले १७९५ ला. सगळ्यात जुन्या इमारतीचा, ओल्ड ईस्टचा, पाया १७९३ चा. ती बांधली त्यात गुलामांचे हात होते. आज गावाची वस्ती साठ हजारांच्या घरात आणि विद्यापीठाचा पट तीस हजारांच्या आसपास, म्हणजे गाव आणि विद्यापीठ वेगळं काढणं कठीण. मधून फ्रँकलिन स्ट्रीट जातो. त्याच्या एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला एक बुटकी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे विद्यापीठाचं आवार. आपली मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात ती अर्ध्या तासाच्या अंतरावर, केरी आणि मॉरिसव्हिलला. त्यांतल्या अनेकांना चॅपेल हिल ठाऊक असतं ते बास्केटबॉलमुळे. त्यात काही वाईट नाही, बास्केटबॉल उत्तमच असतो.

तर पुतळा. बंदूक घेतलेला, दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या सैन्यातला तरुण शिपाई. लोक त्याला ‘सायलेंट सॅम’ म्हणत. यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि पुतळा उभा राहिला २ जून १९१३ ला. जवळजवळ पन्नास वर्षांचं हे अंतर लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वार्थत्याग केला. जोतीरावांनी ज्या विजयाचा गौरव केला तो चारच वर्षांत, १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतल्यावर, ढासळू लागला. नोव्हेंबर १८९८ मध्ये याच राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांना ठार मारलं आणि लोकांनी निवडून दिलेलं नगर सरकार हाकलून लावलं. १९०० मध्ये राज्यघटना दुरुस्त करून साक्षरतेची परीक्षा घातली आणि काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला. अडाणी गोऱ्यांची सोय मात्र पाहिली: ज्याच्या बापजाद्यांना १८६७ पूर्वी मत होतं त्याला परीक्षा माफ. पुतळा उभा राहिला तो हे सगळं स्थिरस्थावर झाल्यावर. त्याच वर्षी जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. तेव्हा दक्षिणेत असे पुतळे एकामागून एक उभे राहत होते.

अनावरणाच्या दिवशी ज्युलियन कार नावाच्या उद्योगपतीने भाषण केलं. तंबाखूच्या धंद्यात गडगंज झालेला माणूस, विद्यापीठाचा विश्वस्त, युद्धात लढलेला. शेजारच्या गावाला त्याच वर्षी त्याचं नाव दिलं गेलं. ते आजचं कारबरो. भाषणात त्याने सांगितलं की या शिपायांनी दक्षिणेत अँग्लो-सॅक्सन वंश वाचवला. आणि पुढे, आपण उभे आहोत तिथून शंभर यार्डांवर, युद्धावरून परतल्यावर तीन महिन्यांच्या आत, मी एका काळ्या बाईला तिच्या कपड्यांच्या चिंध्या होईपर्यंत चाबकाने फोडलं, हेही मोठ्या फुशारकीने सांगितलं. तिचा गुन्हा काय, तर ती म्हणे एका गोऱ्या बाईला उलटून बोलली होती.

हे भाषण कोणी दडवलेलं नव्हतं. कारच्या इतर कागदांबरोबर ते विद्यापीठाच्याच विल्सन ग्रंथालयात पडून होतं. २०१० च्या आसपास इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याने ते वाचलं आणि विद्यार्थ्यांच्या दैनिकात, ‘डेली टार हील’मध्ये, त्याविषयी लिहिलं. त्याआधी पुतळ्याचे विरोधक ‘आम्हाला हे खुपतं’ म्हणत आणि समर्थक ‘हा फक्त धारातीर्थी पडलेल्या मुलांचं स्मारक आहे’ म्हणत. भाषण बाहेर आल्यावर समर्थकांचा युक्तिवाद पुतळा उभारणाऱ्यांनीच खोडून ठेवलेला निघाला. पुढल्या आठ वर्षांत जे झालं त्याचं मूळ मी दोरात नाही, त्या खोक्यातल्या टाइप केलेल्या पानांत पाहते.

आता खानावळीकडे येऊ. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुतळ्याच्या बातम्यांत हा कधीच येत नाही.

इथे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तोच कोर्टातून. १९३८ मध्ये पॉली मरे यांनी अर्ज केला तेव्हा ‘तुमच्या वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही’ असं लेखी उत्तर आलं. ज्या घराण्याने त्यांच्या पणजीला गुलाम म्हणून राबवलं, त्याच घराण्याची जमीन या विद्यापीठाला देणगीत मिळालेली होती. कायद्याच्या वर्गांत पहिले काळे विद्यार्थी १९५१ ला बसले, पदवीच्या वर्गांत १९५५ ला. तेही मोजके. गावात मात्र काळे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते: नॉर्थसाइडसारख्या वस्त्यांत राहणारे, विद्यापीठात स्वयंपाक, झाडलोट, धुणं, बागकाम करणारे. विद्यापीठ चाले त्यांच्यावर.

म्हणूनच गावात पहिला ठिय्या दिला तो विद्यापीठातल्या मुलांनी नव्हे. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोत चार काळी कॉलेजची मुलं वूलवर्थ या दुकानातल्या, गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसली, हे जगाला माहीत आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला चॅपेल हिलमध्ये लिंकन हायस्कूलची नऊ मुलं वेस्ट फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या कलोनियल ड्रग स्टोअरमध्ये जाऊन बसली. शाळकरी मुलं, सगळी गावातली. विद्यापीठातले विद्यार्थी आणि काही प्राध्यापक त्यांच्यामागून आले. १९६३-६४ मध्ये मोर्चे, रस्ता अडवणं, अटका यांनी गाव ढवळून निघालं, तरी स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या नगर परिषदेने हॉटेलं-दुकानं सर्वांना खुली करण्याचा ठराव मंजूर केला नाही. शेवटी ते काम वॉशिंग्टनच्या १९६४ च्या कायद्याने केलं.

राज्याच्या विधिमंडळाला तोवर विद्यापीठाचा राग आलेला होता. जून १९६३ मध्ये त्यांनी घाईघाईने कायदा केला की कम्युनिस्टांना सरकारी विद्यापीठांच्या आवारात भाषण करता येणार नाही. मार्च १९६६ मध्ये विद्यार्थ्यांनी हर्बर्ट ॲप्थेकर यांना बोलावलं. हे गृहस्थ कम्युनिस्ट होते आणि गुलामांच्या बंडांचे इतिहासकारही. ॲप्थेकर फ्रँकलिन स्ट्रीटच्या पदपथावर, म्हणजे गावाच्या हद्दीत उभे राहिले आणि मुलं त्या बुटक्या भिंतीच्या आतल्या बाजूला, विद्यापीठाच्या हद्दीत बसून ऐकत राहिली. दोन वर्षांनी कोर्टाने तो कायदा रद्द केला. कायदा विनोदी ठरवण्याची इतकी स्वस्त युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

१९६७ मध्ये ‘ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंट’ ही संघटना निघाली. डिसेंबर १९६८ मध्ये तिने कुलगुरूंसमोर २३ मागण्या ठेवल्या. त्यांत काळ्या विद्यार्थ्यांची भरती, अभ्यासक्रम वगैरे होतंच, पण कामगारांची स्थितीही होती. त्याच सुमारास लेनोर हॉल या भोजनगृहातल्या बायका आपापसात बोलत होत्या. पगार तुटपुंजा, जादा कामाचे पैसे बुडवलेले, सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी तुटक पाळी, वर्षानुवर्षं काम करूनही हंगामी. आणि एक तक्रार जी आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही: आजी झालेल्या बाईला विशीतला गोरा पर्यवेक्षक नुसत्या नावाने हाक मारी. त्यांना ‘मिसेस’ म्हणून हाक हवी होती. मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रुक्स या दोघी पुढे होत्या.

२३ फेब्रुवारी १९६९. रविवार. जेवणाच्या वेळी दार उघडलं, मुलं रांगेत आली, आणि वाढायला उभ्या असलेल्या बायका काउंटरमागून बाहेर येऊन टेबलांशी बसल्या. संप सुरू झाला. ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंटने मॅनिंग हॉलमध्ये पर्यायी खानावळ काढली. संपावरच्या बायका तिथे रांधत आणि मिळालेला पैसा संपकऱ्यांना जाई. लेनोरमध्ये काही टेबलं उलथली गेली तेव्हा गव्हर्नर बॉब स्कॉट यांनी राज्य पोलिसांची कुमक आवारात आणून उभी केली. मार्च संपण्याआधी तडजोड झाली: राज्याच्या सगळ्यांत कमी पगारावरच्या कर्मचाऱ्यांचं किमान वेतन तासाला १.८० डॉलर झालं. म्हणजे एका भोजनगृहातल्या संपाने राज्यभरच्या झाडूवाल्या-स्वयंपाकिणींचा पगार वाढवला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत गावाने हॉवर्ड ली यांना महापौर निवडलं. गोऱ्यांचं बहुमत असलेल्या दक्षिणेतल्या गावाने काळा महापौर निवडण्याची गोष्ट तोवर झालेली नव्हती.

विद्यापीठाने मग काय केलं, तर भोजनगृह खासगी कंत्राटदाराकडे देऊन टाकलं. नवीन मालकाने माणसं कमी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा संप करावा लागला. कंत्राटीकरणाची ही चाल आपल्याकडच्या कामगारांना नवी नाही.

मी ज्याला यश म्हणते ते हे. त्यात विद्यार्थी होते, मोलाचे होते, पण ते कामगारांच्या मागण्यांमागे उभे होते. एकत्र नसले की काय होतं तेही याच गावात दिसलं. नोव्हेंबर १९७० मध्ये विद्यापीठातल्या रात्रभराच्या नाचाच्या कार्यक्रमात जेम्स केट्स या बावीस वर्षांच्या काळ्या तरुणाला गोऱ्या मोटारसायकल टोळीने भोसकलं. तो विद्यार्थी नव्हता, नॉर्थसाइडचा होता. विद्यापीठाचं रुग्णालय जवळच, तरी त्याला तिथे न्यायला उशीर झाला आणि तो गेला. तिघांवर खटला झाला. तिघेही निर्दोष सुटले. त्यानंतरच्या कित्येक दशकांत विद्यापीठाच्या इतिहासात त्याचं नाव नव्हतं. गावातले लोक मात्र ते नाव घेत राहिले, आणि अलीकडच्या विद्यार्थ्यांनी ते त्यांच्याकडून उचललं.

मधल्या काळावरून पटकन जाते. १९९२ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी, त्यांत फुटबॉलचे खेळाडूही, कृष्णवर्णीय संस्कृती केंद्रासाठी स्वतंत्र इमारत मागितली. प्राध्यापक सोन्या हेन्स स्टोन यांच्या नावाची ती इमारत उघडली २००४ मध्ये. मागणी करणारी मुलं तोवर तिशीत पोचली होती.

आता नियमांकडे. इथे कुलगुरूच्या वर विश्वस्त मंडळ, त्याच्यावर राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांचं बोर्ड ऑफ गव्हर्नर्स, आणि ते बोर्ड निवडतं विधिमंडळ. विश्वस्तांत विद्यार्थी संघाचा अध्यक्ष पदसिद्ध सदस्य असतो. वरच्या दोन पायऱ्यांवर विद्यार्थ्यांना मत नाही. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी सॉन्डर्स हॉल या इमारतीचं नाव बदलायला लावलं. विल्यम सॉन्डर्स हा कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचा राज्यातला म्होरक्या होता, आणि गंमत म्हणजे नाव देताना विश्वस्तांनी ते त्याच्या गुणांत नोंदवलेलं होतं. विद्यार्थ्यांना तिथे लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं नाव हवं होतं. विश्वस्तांनी ‘कॅरोलिना हॉल’ असं कोणालाच न दुखवणारं नाव दिलं आणि बरोबर १६ वर्षं दुसरं कुठलंही नाव बदलायचं नाही अशी बंदी घातली. सोळा वर्षं म्हणजे विद्यार्थ्यांच्या चार पिढ्या. थकवून टाकण्याचं हे शास्त्र प्रशासनाला चांगलं अवगत असतं.

त्याच उन्हाळ्यात चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांचा खून झाला आणि दक्षिणेत ठिकठिकाणी फुटीर राज्यांचे जुने झेंडे उतरू लागले. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने उलट कायदा केला: सरकारी जागेवरचं स्मारक राज्याच्या इतिहास आयोगाच्या परवानगीशिवाय हलवायचं नाही, आणि हलवलंच तर तितक्याच मानाच्या जागी ठेवायचं. म्हणजे पुतळा कायदेशीर मार्गाने काढण्याचं दार विद्यापीठासाठी जवळजवळ बंद झालं. तुमच्या ‘झुंडशाही’च्या प्रश्नाचं उत्तर इथून शोधावं लागतं. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात हिंसाचार झाल्यावर इथल्या विद्यार्थ्यांनी पुतळ्यापाशी मोठी सभा घेतली आणि मग ठिय्या मांडला. पुढच्या वर्षभरात विद्यापीठाने पुतळ्याच्या राखणीवर ३ लाख ९० हजार डॉलर खर्च केले. एप्रिल २०१८ मध्ये इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने लाल रंगात स्वतःचं रक्त मिसळून पुतळ्यावर ओतलं. पुढे ऑक्टोबरमध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं पण शिक्षा दिली नाही. अर्ज, ठराव, सभा, ठिय्या असं सगळं करून झाल्यावर २० ऑगस्टची रात्र आली. सत्राचे वर्ग दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते. उंच काठ्यांवरचे फलक पुतळ्याभोवती उभे करून आडोसा केला गेला आणि साडेनऊच्या आत पुतळा खाली होता. तिथे विद्यार्थी होते, शिकवणारे होते, गावकरी होते.

कायदा मोडला का? मोडला. मी वर्गात ते लपवत नाही. पण पर्याय उपलब्ध असताना मोडला असं कोणी म्हटलं तर मी वरची यादी पुढे करते.

नंतरचा दीड वर्षाचा भाग मला रात्रीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने पुतळा ठेवायला आवारातच ५३ लाख डॉलरची नवी इमारत बांधायचा प्रस्ताव आणला. शिकवणीचं काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी परीक्षेचे गुण रोखून धरण्याचा इशारा दिला आणि बोर्डाने प्रस्ताव फेटाळला. जानेवारी २०१९ मध्ये कुलगुरू कॅरोल फोल्ट यांनी राजीनामा जाहीर करता करता उरलेला चौथराही हलवला. मग नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, गाव रिकामं असताना बातमी आली: ‘सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स’ या, फुटीर राज्यांच्या सैनिकांच्या वंशजांच्या, संघटनेने दावा लावला आणि काही मिनिटांत तडजोड होऊन पुतळा आणि त्याच्या देखभालीसाठी २५ लाख डॉलर तिला मिळाले. शिवाय झेंडे-फलक न लावण्याच्या अटीवर वेगळे ७४,९९९ डॉलर. रक्कम ७५ हजार झाली असती तर राज्याच्या ॲटर्नी जनरलची संमती लागली असती. हे खणून काढण्यात मोठा वाटा त्याच विद्यार्थी दैनिकाचा, ज्यात कारच्या भाषणाविषयी पहिल्यांदा छापून आलं होतं. विद्यार्थी आणि प्राध्यापक कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी तडजोड रद्द केली: त्या संघटनेला दावा लावण्याचा हक्कच नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये सोळा वर्षांची बंदी उठली आणि जुलैमध्ये कारसह काही नावं इमारतींवरून उतरली.

पदरात काय पडलं, हा तुमचा प्रश्न. दगडाबाबत बरंच. सत्तेबाबत थोडं. २०२१ मध्ये काळ्या पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना अध्यासन देऊ केलं, पण त्याच पदावरच्या आधीच्या लोकांना मिळालेली कायम नेमणूक दिली नाही. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर ९ विरुद्ध ४ मतांनी ती मंजूर झाली. तोवर त्यांचं मन उडालं होतं आणि त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, त्यात हार्वर्डबरोबर प्रतिवादी हेच विद्यापीठ होतं. मे २०२४ मध्ये बोर्डाने विविधतेविषयीचं धोरणच काढून टाकलं. पुतळा गेला आणि पुतळा राखणारी यंत्रणा जागेवर राहिली, असं माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पुरतं मान्य नाही. चॅपेल हिलमधल्या भाषणांचा, खटल्यांचा, संपांचा कागद आता जमा झालेला आहे आणि पुढची मुलं शून्यापासून सुरुवात करणार नाहीत.

आता मुलीविषयी. ती परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असेल तर तिची जोखीम अमेरिकन मैत्रिणीच्या जोखमीइतकी नसते, खूप जास्त असते. अटक झाली आणि आरोप मागे घेतले गेले तरी पुढे व्हिसाच्या अर्जात प्रत्येक वेळी ते लिहावं लागतं. २०२५ च्या वसंतात सरकारने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या, देशात राहण्याच्या परवानगीशी जोडलेल्या, सरकारी नोंदी अचानक रद्द केल्या, अनेकांच्या अगदी किरकोळ कारणांवरून. लोक कोर्टात गेल्यावर त्या परत चालू झाल्या, पण मधले आठवडे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा पोलिसांनी पांगायला सांगितलं की तिने निघावं, यात भित्रेपणा नाही. सभा ऐकायला जाणं, लिहिणं, विद्यार्थी दैनिकात काम करणं हे तिला खुलं आहे, मात्र आपलं नाव कुठे छापून येतं याचं भान ठेवून. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा आणि एखाद्या स्थलांतर वकिलाचा फोन नंबर पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवायला सांगा.

आणि पहिल्या सत्रात तिने एकदा विल्सन ग्रंथालयात जावं. ओळखपत्र दाखवलं की कोणालाही बसता येतं, पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. ज्युलियन कारचे कागद मागवावेत आणि १९६९ च्या संपाविषयी कामगारांच्या ज्या मुलाखती तिथे जपलेल्या आहेत त्या ऐकाव्यात. दुपार पुरत नाही, सकाळीच जावं.